ट्रेलरच्या वॉटर हीटरचं बूच काढून तोटी बसवावी का?

चाकावरचं_बिऱ्हाड
नमस्कार मंडळी.

वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेऊन एक मोसम झाला. बाकी सगळ्याशी जमवून घेतलं, पण वॉटर हीटर रिकामा करायची वेळ आली की माझी आणि माझ्या सभ्यतेची फारकत होते. हीटर ६ गॅलनचा, म्हणजे जवळजवळ २३ लिटर. गॅसवरही चालतो, विजेवरही. बाहेरचं झाकण उघडलं की तळाशी बूच. त्याच्यावरून गॅसची नळी आडवी गेलेली, त्यामुळे पान्याला धड पाव फेरा मिळत नाही. शेवटी सुटलं की पहिला तांब्याभर माझ्या बाहीत, उरलेलं खोक्याच्या पत्र्यावर. त्यातलं सगळं काही बाहेर पडत नाही हे आत्ता लक्षात आलं, कारण हीटरखालची फळी हाताला दमट लागतेय.

तर विचार असा आहे: बूच कायमचं काढायचं आणि तिथे पितळी नळीचा तुकडा, एल्बो आणि बॉल व्हॉल्व्ह बसवायचा. फिरवली तोटी, पाणी खाली. कोणी केलंय का? टिकतं का?

गळकी_खिडकी
वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडेही बाही भिजते.

तिरकस
सोपा उपाय: सहलीत आंघोळ करू नका. गरम पाणी नको, हीटर नको, बूच नको. (हलके घ्या.)

पाना_२७
तोटीचं नंतर बघू. आधी टाकी कशाची आहे ते सांगा, उत्तर तिथेच बदलतं. अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरमध्ये बहुतेक दोन घराणी सापडतात. सबर्बन कंपनीची टाकी पोलादी, आतून काचेसारखा मुलामा दिलेली. तिचं बूच म्हणजे नुसतं बूच नसतं, त्याला वीतभर लांबीची अ‍ॅनोडची दांडी जोडलेली असते. आटे पाऊण इंची. दुसरं घराणं अ‍ॅटवुडचं, जे २०१४ मध्ये डोमेटिकने विकत घेतलं. त्यांची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, बूच अर्ध्या इंची आणि तेही नायलॉनचं.

झाकण उघडून बघा. मोठं धातूचं षटकोनी डोकं दिसलं तर पहिलं, पांढरं प्लास्टिक दिसलं तर दुसरं.

चाकावरचं_बिऱ्हाड
@पाना_२७, डोकं धातूचंच आहे, गंजून तपकिरी झालेलं. पण दांडीबिंडी काही नाही हो. मी दर वेळी काढतो ना. बोटाच्या दोन पेरांएवढं बूच आणि त्याला मधोमध लोंबणारी एक तार. ती तार कसली ते कधी कळलं नाही, आधीच्या मालकाने काहीतरी अडकवायला लावली असेल असं धरून चाललो होतो.

पाना_२७
साहेब, ती तारच अ‍ॅनोड होती. कैलासवासी.

तिरकस
भावपूर्ण श्रद्धांजली. 🙏

रसायनाचे_मास्तर
हसण्यावारी नेऊ नका, समजून घ्या. ती दांडी म्हणजे बळीचा बकरा. पोलादाच्या टाकीत आतून काचेचा थर असला तरी सांधे, आटे, बारीकसारीक चिरा यांतून पाणी लोखंडापर्यंत पोचतंच. पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की जो जास्त उतावीळ तो आधी झिजतो. हा उतावीळपणा प्रमाण विभवाने मोजतात, जितकं उणे तितका धातू उतावीळ. दांडीतल्या मॅग्नेशियमचं विभव उणे २.३७ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४. म्हणजे मॅग्नेशियम शिल्लक आहे तोवर लोखंडाच्या केसाला धक्का लागत नाही. दांडीच्या मधोमध पोलादी तार असते, मॅग्नेशियम संपलं की ती उघडी पडते. तुम्ही पाहिलीत ती हीच. आणि ती उघडी पडली याचा अर्थ आता झिजण्याची पाळी टाकीची.

आता तुमच्या बेताकडे वळू. तुम्ही तिथे पितळ घालणार. पितळात तांबं, आणि तांब्याचं विभव अधिक ०.३४. म्हणजे बकरा काढून त्याच्या जागी वाघ बांधायला निघालात.

चाकावरचं_बिऱ्हाड
मास्तर, वाघाच्या उपमेने झोप उडाली. म्हणजे गेल्या मोसमात टाकी झिजत होती आणि मी तार पुसून परत लावत होतो!

खटपट_चालू
मास्तरांचं शास्त्र बरोबर, पण वाघ जरा जास्त झाला. पितळाचा तुकडा बारीकसा, टाकी मोठी. त्याने एका मोसमात भोक पडत नाही. खरा तोटा अ‍ॅनोडची जागा जाते हा आहे.

मी स्वतः तोटी लावून ४ मोसम चालवलीय, म्हणून अनुभवाचे बोल.

पहिल्या वर्षी केलेली जोडणी अशी: लांब नळी, एल्बो, मग भक्कम बॉल व्हॉल्व्ह. दिसायला झकास. वर्षभराने पाहतो तर नळीच्या मुळाशी ओल. रस्त्याच्या हादऱ्यांनी तो सगळा लोंबता भार टाकीच्या आट्यांवर येत होता. जड व्हॉल्व्ह लांब नळीच्या टोकाला टांगणं म्हणजे आट्यांना रोज थोडं थोडं उकलणं. दुसऱ्या वर्षी नळी अगदी आखूड केली आणि व्हॉल्व्हला खालून पत्र्याचा टेकू दिला. तेव्हापासून गळती नाही.

प्लास्टिकचा व्हॉल्व्ह मात्र चुकूनही नको. धुराड्याचं तोंड त्याच झाकणाच्या आत असतं, बर्नर चालू असताना तिथे हात धरवत नाही. आणि व्हॉल्व्हचा दांडा फिरवल्यावर झाकण लागतंय ना ते आधी बघा. मी ते शेवटी बघितलं. दांडा कापावा लागला.

सौ_स्पॅनर
खटपट, ४ मोसमांत अ‍ॅनोड कुठे होता?

खटपट_चालू
...नव्हता.

सौ_स्पॅनर
आणि टाकीत खवले किती साचले?

खटपट_चालू
ताई, तुम्ही उलटतपासणीला उभं केलंत की. सांगतो. तोटीतून पाणी यायचं, खवले यायचे नाहीत. क्षाराचे पापुद्रे नखाएवढे असतात आणि माझ्या व्हॉल्व्हचं आतलं भोक करंगळीपेक्षा लहान. तिसऱ्या वर्षी तोटी उघडली तर धार सुतळीसारखी. सगळं उकलून आत वाकडा फवारा घातला तेव्हा अर्धी बादली पांढरा चुरा निघाला.

सौ_स्पॅनर
तेच म्हणायचं होतं. पाऊण इंची भोकातून दणकन पाणी पडतं तेव्हा ते तळाचा गाळ ओढून आणतं. बारीक तोटीतून पाणी गाळून येतं आणि गाळ टाकीलाच वाहिला जातो. आमच्या ट्रेलरची देखभाल माझ्याकडे आहे (नवऱ्याकडे नकाशा आणि मतं). मी दर सहलीनंतर बूच काढते, दांडी हातात घेऊन बघते आणि मग लांब दांडीचा फवारा आत घालून गोल फिरवते. वरची पांढरी धूळ निघते, मग कोपऱ्यातले खवले. स्वच्छ पाणी येईपर्यंत. या कामाला तोटी कामाची नाही. दांडीचा तीन चतुर्थांश भाग गेला की नवी, हा नियम. वाट बघत तारेपर्यंत जायचं नाही.

आळशी_राजा
तुमचा मुद्दा असा की बूच काढावं लागतं म्हणून अ‍ॅनोडवर नजर राहते. पण धागाकर्त्यांनी तर दर वेळी काढलं, हातात घेतलं, पुसलं! नजर होतीच की.

सौ_स्पॅनर
नजर होती, ओळख नव्हती. आता झाली.

तिरकस
लग्नाआधी हेच सांगतात. अवांतराबद्दल क्षमस्व.

पाना_२७
हत्याराबद्दल लिहायचं राहिलं. धागाकर्ते, तुम्ही चपटा पाना वापरताय असं वाटतंय. त्याने डोकं गोल होतं आणि मग तुम्ही पण. १ १/१६ इंची सॉकेट घ्या. मिलिमीटरच्या संचातला २७ चा तोच (माझं नाव उगाच नाही). सहा कोनांचा घ्या, बारा कोनांचा निसटतो. त्याला लांब एक्स्टेन्शन लावलंत की दांडा गॅसच्या नळीच्या बाहेर येऊन फिरतो आणि बाहीही तोंडापासून हातभर लांब राहते. तुमच्या अर्ध्या तक्रारी इथेच संपतील.

बसवताना मात्र दांडा काढून ठेवा. सॉकेट आणि एक्स्टेन्शन नुसत्या बोटांनी फिरवा. दोनतीन फेरे सुरळीत गेले तरच दांडा लावायचा. तिरकं गेलं की टाकीचेच आटे जातात आणि टाकीचे आटे दुकानात मिळत नाहीत. इम्पॅक्ट गन तर लांबच ठेवा.

नायलॉनवाले_आम्ही
अ‍ॅल्युमिनियम टाकीवाल्यांची बाजू पण येऊ द्या की. आमच्या टाकीला अ‍ॅनोड लागत नाही. आणि बूच मुद्दाम नायलॉनचं आहे: एक तर वेगळ्या धातूची भानगड नको, दुसरं म्हणजे चुकून तिरकं बसलं तर बुचाचे आटे जावेत, टाकीचे राहावेत. मी शहाणपणा करून तिथे पितळी तोटी बसवली होती. दोन वर्षांनी काढायला गेलो तर भोवती पांढरी बुरशीसारखी पूड, आणि तोटीबरोबर अ‍ॅल्युमिनियमचे आटे पण बाहेर. मग अर्ध्या इंची पाइपचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून जे उरलं ते साफ केलं. पुन्हा नायलॉनच. दोन बुचं जास्तीची कायम खणात.

रसायनाचे_मास्तर
उत्तम उदाहरण. अ‍ॅल्युमिनियम उणे १.६६, तेव्हा तिथे पितळाचा वाघ खराच वाघ.

आळशी_राजा
अ‍ॅनोडच्या डोक्यातच बारीक तोटी असलेले तयार मिळतात. दोन्ही हौशी भागल्या की! मी तोच लावलाय.

खटपट_चालू
मिळतात, पण भोक माझ्या व्हॉल्व्हपेक्षाही बारीक. पाणी काढायला ठीक, धुवायला नाही. टायटॅनियमचा विजेवर चालणारा अ‍ॅनोडही येतो. तो झिजत नाही, बारीक प्रवाह सोडून टाकी राखतो. मात्र वीज बंद तर राखणही बंद. पाणी भरून ट्रेलर उभा ठेवायचा आणि बॅटरी काढून ठेवायची अशी सवय असेल तर उपयोग नाही.

नवखा_प्रवासी
बूच उघडलं आणि पाणी फटकन अंगावर आलं. गरमच होतं. हाताला फोड. तुम्ही सगळे हे कसं करता?

सौ_स्पॅनर
अरे बापरे! आधी हात थंड पाण्याखाली धरून ठेव, बराच वेळ. फोड फोडू नकोस, जास्त असेल तर डॉक्टरांना दाखव.

क्रम नीट लक्षात ठेव, बाकीच्यांनीही. गॅस आणि वीज दोन्ही बंद. विजेचं बटन ट्रेलरात आत असतं, शिवाय काही हीटरना बाहेर झाकणाखाली दुसरं बटन असतं, तेही. मग थांबायचं. काही तास, घाई असेल तर गरम नळ सोडून गार पाणी येईपर्यंत टाकीतलं पाणी बदलून घ्यायचं. या टाक्यांत पाणी ५५ ते ६० अंशांवर असतं आणि ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं. त्यानंतर पंप बंद, बाहेरून येणारं पाणी बंद. आतला गरम नळ उघडायचा म्हणजे दाब उतरतो. शेवटी बाहेरच्या रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणारी झडप) कान वर करायचा. तिथून फुसकन काही येत नाही अशी खात्री झाली की मगच बूच. रिलीफचा कान उघडाच ठेवला की हवा आत येते आणि पाणी गडगड न करता सलग निघतं.

टाकी रिकामी असताना विजेचं बटन कोणी दाबलं तर आतला हीटिंग रॉड काही क्षणांत जळतो. तो १४४० वॅटचा असतो, पाण्याशिवाय त्याला तग धरता येत नाही. मी बटनावर चिकटपट्टी लावते, "टाकी रिकामी" लिहून.

नवखा_प्रवासी
धन्यवाद ताई. हात बरा आहे. मी पंप बंद केला होता, पण नळ उघडला नव्हता.

गळकी_खिडकी
रिलीफ व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर विचारते. पाणी तापताना आमच्या त्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं. खराब झाला का?

पाना_२७
बहुधा नाही. तो १५० पीएसआय (दाबाचं एकक) किंवा २१० अंश फॅरनहाइटला उघडतो, आणि गळती तापतानाच होते म्हणजे दाब वाढतोय. टाकीच्या माथ्यावर हवेचा एक कप्पा असतो, पाणी फुगलं की तो दबतो. ती हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाते, मग फुगायला जागा उरत नाही आणि व्हॉल्व्ह रडतो. टाकी गार असताना: पाण्याचा पुरवठा बंद, आतला गरम नळ उघडा, रिलीफचा कान वर करून पाणी थांबेपर्यंत धरा, कान सोडा, नळ बंद करून पुरवठा सुरू. हवा परत आली. त्यानंतरही गळला तर बदला. त्याच्या तोंडाला बूच मारून गळती थांबवायची मात्र नाही. कुणीतरी तेही केलेलं असतंच म्हणून सांगतोय.

आटे_आणि_काटे
टेफ्लॉन टेपबद्दल कोणी बोललं नाही. अ‍ॅनोडच्या आट्यांना टेप गुंडाळली तर धातूला धातू लागत नाही आणि अ‍ॅनोड निकामी होतो. कोरडाच लावा.

पाना_२७
साफ चूक. पाइपचे आटे निमुळते असतात, आवळताना टेप कापली जाते आणि धातू टेकतोच. कोरडा लावला तर पुढच्या वेळी काढताना घाम फुटेल.

आटे_आणि_काटे
टेकतोच हे तुम्ही बघितलंय का आत जाऊन?

सौ_स्पॅनर
भांडू नका. मल्टिमीटर लावा. एक टोक बुचाच्या डोक्याला, दुसरं टाकीच्या उघड्या धातूला, रंगावर नव्हे. मी दोन वेढे टेप लावून मोजलंय, रोध शून्याच्या आसपास. दहा वेढे लावणाऱ्यांचं मला माहीत नाही.

आटे_आणि_काटे
मोजतो आणि सांगतो.

गळकी_खिडकी
अजून एक. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास. गार पाण्याला नाही.

रसायनाचे_मास्तर
सल्फेट खाणारे जिवाणू. मॅग्नेशियम झिजताना हायड्रोजन सुटतो, तो त्यांना मेजवानी, आणि बाहेर पडतो हायड्रोजन सल्फाइड. टाकीत पाणी साचून राहिलं की हे होतं. ट्रेलरच्या मुख्य पाण्याच्या टाकीत (हीटरच्या नव्हे) दर १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच घालून सगळ्या नळांतून वास येईपर्यंत सोडा, काही तास ठेवा, मग भरपूर खळखळून घ्या. वास पुन्हा आला तर अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा अ‍ॅनोड लावून बघा.

एक इशारा. काही जण क्षार काढायला टाकीत व्हिनेगर घालतात, ते चांगलंच आहे. पण व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नाही. क्लोरीन वायू होतो. एक काम पूर्ण, खळखळ धुणं, मग दुसरं.

आळशी_राजा
थंडीसाठी बंद करताना बूच काढलं तरी तळाला थोडं पाणी उरतंच, कारण भोक तळापेक्षा वर आहे. ते गोठून टाकी फुटेल का?

नायलॉनवाले_आम्ही
नाही. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, पण वर सगळी टाकी मोकळी असते, फुगू दे. फुटते ती भरलेली टाकी. मात्र तोटीवाल्यांनी लक्ष द्या: बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यात पाणी अडकतं. थंडीत तो अर्धा उघडा ठेवा, नाहीतर तडकतो. आणि नळ्या गोठू नयेत म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ घालताना हीटरचा बायपास (हीटर वगळून जाणारी वाट) फिरवा, नाहीतर ६ गॅलन त्या टाकीतच ओताल.

खटपट_चालू
बॉल व्हॉल्व्ह तडकतो, हो. विचारू नका कसं माहीत.

चाकावरचं_बिऱ्हाड
मंडळी, अहवाल.

२७ चा सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन आणलं. बूच एका झटक्यात सुटलं आणि बाही कोरडी! आत टॉर्च मारला. तपकिरी चिखल, पापुद्रे आणि एका कोपऱ्यात जुन्या अ‍ॅनोडचा गळून पडलेला तुकडा, खडूसारखा. फवारा घालून अर्धा तास धुतलं. भिंत ठिकठिकाणी गंजलेली आहे, पण गळत नाही. नवी दांडी लावली, दोन वेढे टेप, मल्टिमीटर ०.३ ओहम.

खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी प्लास्टिकच्या डब्याचा तुकडा कापून पन्हळ केली, बुचाखाली सरकवायची, पाणी थेट बाहेर. काम झालं की काढून ठेवायची, धुराड्याजवळ ठेवायची नाही. दमट फळीचं कारण वेगळंच निघालं. हीटरच्या चौकटीभोवतीचं सीलंट वरच्या कडेला सुटलं होतं, पावसाचं पाणी तिथून. बूच बिचारं निर्दोष.

तोटी रद्द. पितळी सामान आणून ठेवलंय, कुणाला हवंय का?

खटपट_चालू
मला द्या. माझ्या व्हॉल्व्हला तडा गेलाय.

सौ_स्पॅनर
खटपट!!

खटपट_चालू
ताई, या वेळी अ‍ॅनोडपण लावणार. कुठे लावायचा ते अजून सुचलेलं नाही.

आटे_आणि_काटे
मोजलं. टेपसकट ०.२ ओहम. @पाना_२७, मान्य. पण मी तरी एकच वेढा लावणार.